सही करणाऱ्याची गोष्ट

विसरत चाललेल्या माणसावरच्या मराठी कलाकृतींचा विषय निघाला की पहिले नाव 'अस्तु'चे येते, आणि ते रास्तच आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट 2013 सालचा. चित्रपटगृहांत तो यायला 2016 उजाडले. संस्कृतचे गाढे पंडित असलेले चक्रपाणी शास्त्री हत्तीमागे चालत जातात, हरवतात आणि माहुताच्या बायकोत, चन्नम्मात, त्यांना आई सापडते. शास्त्री साकारणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. चन्नम्मा साकारणाऱ्या अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा आणि भाव्यांच्या संवादांना असे दोन राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाले. चन्नम्माची कानडी शास्त्रीबुवांना कळत नाही आणि त्यांचे संस्कृत तिला कळत नाही, तरी दोघांचे जमते. मराठी पडद्यावरचे इतके नितळ दृश्य दुसरे चटकन आठवत नाही.

तरीही 'अस्तु' पुन्हा पाहताना एक गोष्ट खटकते. स्मृती गेली तर माणूस म्हणून काय उरते, हा प्रश्न तो धीटपणे विचारतो. पण सांभाळण्याचा सगळा भार मुलीवर आहे. मुलीला आपला संसार आहे, अपराधीपणा आहे, म्हणजे नाट्याला हवे ते सगळे आहे. जोडीदाराचे नाट्य वेगळे असते. ज्याच्यासोबत चाळीस वर्षे काढली त्यानेच ती चाळीस वर्षे पुसून टाकायची, आणि त्यांचा एकमेव साक्षीदार म्हणून आपण मागे राहायचे. या साक्षीदाराकडे आपल्या साहित्याने फारसे पाहिलेले नाही, अशी माझी तक्रार आहे.

एका अर्थी हे नवल आहे. नवऱ्याची आठवण लिहून ठेवणारी बायको ही मराठी गद्याची जुनी ओळख. रमाबाई रानडे यांचे पुस्तक 1910 सालचे, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' त्यानंतरची, आणि आपल्या अगदी जवळचे म्हणजे मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे'. हमीद दलवाईंच्या विचारांशी कुणाचे पटो न पटो, मूत्रपिंडाच्या विकाराने 1977 मध्ये अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाच्या पाठीशी उभी राहिलेली बायको म्हणून ते पुस्तक वाचावेच. पण ही तिन्ही पुस्तके नवऱ्याच्या निधनानंतरची. तो हयात असता तर 'असे नव्हते, तसे होते' म्हणू शकला असता, ही शक्यता लिहिणारीच्या लेखणीवर अंकुश ठेवते. डिमेन्शियात माणूस समोर बसलेला असतो आणि तो अंकुश मात्र गेलेला असतो.

इंग्रजीत याचे उदाहरण म्हणजे जॉन बेली. त्यांची पत्नी आयरिस मर्डोक मोठी कादंबरीकार. तिला अल्झायमर झाला आणि बेलींनी तिच्यावर आठवणींचे पुस्तक लिहिले. ते आले 1998 मध्ये, ती गेली फेब्रुवारी 1999 मध्ये. म्हणजे तिच्या हयातीत, तिच्याविषयी, तिला वाचून समजणार नाही अशा अवस्थेत. पुस्तक प्रेमाने ओथंबलेले आहे, त्यात शंका नाही. पण तिची संमती कोणी दिली? नवऱ्यानेच. लिहिणाराही तोच आणि परवानगी देणाराही तोच.

'संमती' हा शब्द मी सहज वापरलेला नाही. लिसा जिनोव्हा यांच्या 'स्टिल ॲलिस' (2007) या कादंबरीत प्राध्यापक ॲलिसला ऐन पन्नाशीत हा आजार होतो आणि तिच्यावर एका नव्या औषधाची चाचणी सुरू होते. नवरा जॉन शास्त्रज्ञ. बायकोच्या आजारापेक्षा औषधावरचे संशोधन त्याला सोपे वाटते, हे लेखिकेने छान पकडले आहे. शेवटी औषध अपयशी ठरते. जिनोव्हा स्वतः मेंदूविज्ञान शिकलेल्या, म्हणून हा शेवट त्यांनी गोड केला नाही. पण कादंबरी ॲलिसच्या बाजूने पाहते. जॉन आपल्याला बाहेरूनच दिसतो, आणि वाचक त्याच्यावर रागावून मोकळा होतो.

जॉनवर रागावण्याआधी अशा चाचणीत त्याच्यासारख्यांचे काम काय असते ते पाहिले पाहिजे. रुग्णाला नीट ओळखणारा माणूस सोबत असल्याशिवाय सहसा चाचणीत घेत नाहीत. हा माणूस फक्त गाडीत बसवून आणणारा नसतो. औषध लागू पडले की नाही हे मोजण्याची एक प्रसिद्ध पट्टी सहा गोष्टी पाहते: स्मरण, वेळ-ठिकाणाचे भान, निर्णयशक्ती, बाहेरचे व्यवहार, घरकाम-छंद आणि स्वतःची निगा. गुण शून्य ते अठरा, जितके जास्त तितकी अवस्था वाईट. आणि हे गुण ठरतात रुग्णाशी आणि त्या सोबतच्या माणसाशी बोलून. लेकानेमॅब या औषधाच्या 1795 जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. अठरा महिन्यांत औषध घेणारे 1.21 गुणांनी घसरले, न घेणारे 1.66 गुणांनी. फरक 0.45 चा. एवढ्याशा फरकावर जगभर मथळे झाले, आणि त्या गुणांमागे शेकडो नवरे, बायका, मुली यांचे शब्द होते. पती किंवा पत्नीची साक्ष इथे मोजमापाचा भागच असते. अशी साक्ष देणाऱ्याच्या मनात काय चालते, हे समजायला माझ्याजवळ कादंबरी नव्हती. खालू होते.

माझे खालू-खाला कोथरूडला राहतात, पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला. तिथे आपली घरे बोटांवर मोजण्याइतकी. खालू एस.टी.त हिशेबनीस होते, खाला सोलापूरची. गेल्या वर्षी खालाला एका चाचणीत घ्यायचे ठरले. आपल्याकडे 2019 च्या नियमांनुसार रुग्णाला स्वतः समजून संमती देता येत नसेल तर कायद्याला मान्य असा प्रतिनिधी ती देतो, आणि अशा दुबळ्या रुग्णांच्या बाबतीत काही चाचण्यांत संमतीचे चित्रीकरणही करावे लागते. खालूंनी कागद आठवडाभर वाचले. गोळीत औषध असेल किंवा नुसती भुकटी, हे त्यांनाही कळणार नव्हते आणि डॉक्टरांनाही. त्यांनी सही केली.

अडचण सहीची नव्हती. तपासणीच्या कागदावर 'मातृभाषा' असा रकाना होता. खालूंनी 'मराठी' लिहिले. खाला चाळीस वर्षे शेजारणींशी अस्खलित मराठी बोलली, मुलांचा अभ्यास तिनेच घेतला. पण आजाराने मराठी आधी गेली आणि माहेरची दखनी उरली. 'आज वार कोणता?' असे विचारल्यावर तिने उत्तर दिले, 'जुम्मेरात'. उत्तर बरोबर होते. विचारणाऱ्या तरुण मुलीने चुकीची खूण केली. खालूंनी सांगितल्यावर तिने ती खोडली, बिचारी ओशाळलीही. मुस्लिम मराठी साहित्याने घरची बोली आणि बाहेरची मराठी यावर परिसंवाद भरवले, तावातावाने लेख लिहिले. त्या वादाची किंमत एका म्हातारीच्या गुणपत्रिकेवर एक गुण असते, हे मला त्या दिवशी कळले.

अविनाश अरुण यांचा 'थ्री ऑफ अस' मी खालूंबरोबर घरी पाहिला. हा 2023 मध्ये चित्रपटगृहांत आलेला चित्रपट हिंदी असला तरी माती कोकणची आहे. आठवणी विरत चाललेली शैलजा नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला जाते, शाळेतल्या मित्राला भेटते. शेफाली शाह यांचे कौतुक सर्वांनी केले. मला महत्त्वाचा वाटला तो स्वानंद किरकिरे यांनी केलेला नवरा, दीपांकर. आपल्या बायकोचे आपल्या आधीचे हसणे तो बाजूला उभा राहून पाहतो. त्याचा मत्सर केविलवाणा नाही आणि समजूतदारपणा बेगडी नाही. साक्षीदार नवरा पडद्यावर येतो तो इथे. खालू मात्र म्हणाले, 'बेटा, हे सगळं सहीच्या आधीचं आहे.' माझा आक्षेप त्यांनी एका वाक्यात मांडला. चित्रपट जिथे थांबतो तिथे शैलजाला नवऱ्याचे नाव आठवते आहे. समुद्र आहे, जुने वाडे आहेत, दुःखाला देखणेपण आहे. गोळ्यांचे डबे, रात्रीतून तीनदा बदललेली चादर, 'घरी कशा असतात?' या प्रश्नाला दिलेले उत्तर यातले काही नाही. दीपांकरची खरी परीक्षा पुढे आहे, आणि चित्रपट त्याला तिथवर नेत नाही.

या अवस्थेचे भान आपल्या परंपरेला नाही असे कुणी म्हणू नये. जाणल्यानंतर काहीच न जाणण्याच्या वयाला माणूस पोचतो, असा उल्लेख कुरआनात सूरह नहल आणि सूरह हज या दोन्ही ठिकाणी आहे. त्या वयापासून पनाह मागणारी दुआ हदीसमध्ये आहे, आणि ज्याची अक्कल गेली त्याच्यावर नमाज फर्ज राहत नाही हे फिक्‌ह सांगते. म्हणजे विसरणाऱ्याची सोय झाली. शेजारी बसलेल्याचे काय, ते लिहिण्याचे काम लेखकांचे होते. साठीपुढच्या सुमारे 88 लाख भारतीयांना डिमेन्शिया असल्याचा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यांत आपल्या मोहल्ल्यांतली घरे असणारच. तिथे याला 'सठिया गए' म्हणून विषय संपवतात, आणि आपल्या कथांतही वेडसर दादी विनोदापुरती येते.

खाला अजून नमाज पढते. सूरह पाठ आहेत, रकअती मोजता येत नाहीत. खालू शेजारी बसून हळू आवाजात मोजतात, आणि चार झाल्या की खाकरतात. मागच्या खेपेला त्यांना विचारले, पूजा-प्रार्थना पूर्वीसारखी करतात का? खालू 'होय' म्हणाले. घरी आल्यापासून ते अस्वस्थ आहेत. आपण वाढवून सांगितले का, त्यामुळे वाया गेलेली गोळी चांगली ठरेल का, दुसऱ्या कुणाच्या बायकोला ती देतील का? पुढच्या तारखेला मोजण्याचे सांगून टाकावे, तर खालाच्या नावापुढचा आकडा वाढेल, आणि तो त्यांनी आपल्या हाताने वाढवलेला असेल. काय करू, असे त्यांनी मला विचारले आहे. तारीख पुढच्या महिन्यात आहे.