प्रसाधनांच्या वेष्टनावरील मजकूर : अभिधा आणि व्यंजना

व्यवहारातील लेखनाकडे आपले समीक्षक सहसा वळत नाहीत. तथापि जो मजकूर वाचून माणूस आपल्या त्वचेवर काय चोळावे हे ठरवितो, त्याची परीक्षा अप्रस्तुत मानता येणार नाही. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा जत तालुका पर्जन्यछायेत मोडतो. हवा कोरडी, ऊन प्रखर, आणि द्राक्ष-डाळिंबांच्या बागांतील काम उघड्यावरचे. अशा प्रदेशी त्वचेच्या गरजा मुख्यतः दोन : ओलावा टिकविणे व ऊन अडविणे. प्रसाधनांच्या जाहिरातींत मात्र दीर्घकाळ मिरविणारा शब्द ‘गोरेपणा’ हा आहे. गरज आणि शब्द यांतील हे अंतर हाच प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

१९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नाव पालटून ‘ग्लो अँड लव्हली’ असे केले. अभिधा बदलली, व्यंजना किती बदलली, हा प्रश्न उरतो. ‘गोरी’ऐवजी ‘तेजस्वी’ म्हटले, तरी सावळा वर्ण हे न्यून आहे ही गृहीत धरलेली गोष्ट वाचकाच्या मनातून आपोआप जात नाही. शब्द जेवढा मोघम, तेवढी त्याची परीक्षा अवघड. ‘तेज’ मोजण्याचे माप कोणते?

हळदीचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. सांगली ही हळदीची जुनी पेठ. २०१८ साली येथील हळदीस भौगोलिक मानांकनही लाभले. ‘विको टर्मरिक’ हे सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, हा उत्पादनशुल्काचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व निर्णय कंपनीच्या बाजूने लागला. परंतु तो निर्णय वर्गीकरणाचा होता. त्यावरून गुणाची सिद्धी होत नाही. हळदीशी आपले भावबंध लग्नातील हळदीपासून जडलेले असल्यामुळे ‘नैसर्गिक’ हा शब्द आपण पुराव्यावाचून स्वीकारतो. वस्तुतः हळदीचा लेपही काही जणांच्या त्वचेस दाह करतो.

ही व्यंजना निरुपद्रवी नाही. गोरेपणाच्या आशेने स्टेरॉइडयुक्त मलमे चेहऱ्यास लावण्याची प्रथा देशभर पसरली. आरंभी वर्ण उजळल्यासारखा दिसतो, आणि तोच परिणाम पुरावा ठरतो. पुढे त्वचा पातळ होते, मुरुमे उठतात, आणि मलम सोडताच दाह वाढतो. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा १४ स्टेरॉइडांस डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. काही उजळविणाऱ्या क्रीमांत पारा आढळला असून त्याने मूत्रपिंडास इजा होते. ज्या डबीवर घटकांची यादी वा उत्पादकाचा पत्ता नाही, ती घेऊच नये.

मग वाचावे कसे? वेष्टनाच्या दर्शनी बाजूवर काव्य असते, मागील बाजूवर गद्य; वाचकाने गद्यापासून आरंभ करावा. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक नियमानुसार उतरत्या प्रमाणात छापले जातात. म्हणून दर्शनी भागी मिरविलेली वनस्पती यादीच्या शेवटी असल्यास तिचे मोल ओळखावे. सुगंध जितका कमी, तितका संवेदनशील त्वचेस धोका कमी. ‘एसपीएफ’ हा आकडा मुख्यतः अतिनील-ब किरणांविषयी असतो. ३० चा लेप त्यांतील सुमारे ९७ टक्के अडवितो आणि ५० चा सुमारे ९८. म्हणजे आकड्यातील वाढीच्या मानाने लाभ अल्प. अतिनील-अ किरणांसाठी ‘पीए’ किंवा ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ ही खूण पाहावी.

या वाचनातून निघणारी दिनचर्या तीन पायऱ्यांत मावते. सौम्य साबणाने किंवा साध्या पाण्याने धुणे. त्वचा किंचित ओली असतानाच ओलावा राखणारे मलम लावणे, ज्यासाठी साधे पेट्रोलियम जेलीही पुरते. आणि दिवसा ऊन अडविणे. शेतात काम करणाऱ्यास पदर, टोपी व पूर्ण बाह्यांचा सदरा हे प्रथम आवश्यक. लेप उघड्या भागांस, घाम आल्यास व सुमारे दोन तासांनी पुन्हा. नवे उत्पादन आधी कोपराच्या आतील बाजूस काही दिवस लावून पाहावे, आणि एका वेळी एकच. चट्टा, खाज किंवा व्रण टिकून राहिल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

निष्कर्ष असा : प्रसाधनाची निवड ही अंशतः वाचनाची कसोटी आहे. जेथे विशेषण क्रियापदाची जागा घेते, तेथे वाचकाने थांबून ‘नेमके काय करते?’ असे विचारावे. हा प्रश्न विचारण्यास जो शिकला, त्याचा पैसा वाचतो आणि कातडीही.