फलश्रुतीवाचूनचे भय

2021 च्या जुलैत सावित्री आणि गांधारी महाडच्या बाजारपेठेत शिरल्या, तेव्हा खालच्या फळीवरची माझी जी पुस्तके चिखलात बुडाली त्यांत भयकथाकार नारायण धारपांच्या समर्थकथांचा एक जुना संग्रह होता. पाने सुरीच्या पात्याने एकेक सोडवून मी तो कसाबसा वाचनयोग्य केला. परंतु त्याचा शेवटचा फर्माच गळून गेला असल्यामुळे अखेरची कथा, नायक समर्थ पीडितांच्या दारात पोहोचण्यापूर्वीच, मला आहे तिथे सोडून द्यावी लागली. तीन रात्री त्या कथेने मला छळले. पुढे नवी आवृत्ती आणली, राहिलेली पाने वाचली, समर्थ आले, विधी झाला, अरिष्ट टळले. आणि त्या क्षणी माझी भीतीच नव्हे, तर कथाही निवाली.

तेव्हापासून धारपांविषयीची रूढ चर्चा मला सोसवेनाशी झाली आहे. एक पक्ष त्यांना मराठीचे स्टीफन किंग म्हणून डोक्यावर घेतो, दुसरा त्याच किंगचे नाव घेऊन त्यांच्यावर उसनवारीची फिर्याद गुदरतो. धारपांचे मराठी वाक्य वाचण्याची तसदी दोन्ही पक्षांना नको असते. ‘लुचाई’च्या मागे ‘सेलम्स लॉट’ आहे, ‘शपथ’च्या मागे ‘इट’ आहे, ‘आजी’च्या मागे किंगचीच ‘ग्रॅमा’ आहे, हा मुद्देमाल कधीच जप्त झालेला आहे. ऋणनिर्देशाचा प्रश्न नैतिक आहे आणि तो त्या दप्तरात जरूर रुजू व्हावा. पण वाङ्मयीन फैसला त्यावर होत नाही. आगरकरांचे ‘विकारविलसित’ 1883 चे, देवलांचा ‘झुंजारराव’ त्यानंतरचा. शेक्सपिअरवर पोसलेल्या रंगभूमीने कथानकाच्या मालकीवरून तंटा करावा, हे जरा अतिच होते.

खरा प्रश्न असा की, आणलेले भय या मातीत रुजले काय? ‘आजी’ पाहा. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीजवळ एकट्या पडलेल्या पोराची ही कथा किंगची. परंतु तिथली म्हातारी पोराला मुळातच भयप्रद आहे, आणि मराठी घरातील आजी म्हणजे भयाविरुद्धची शेवटची तटबंदी. तिन्हीसांजेला दिवा लावणारी ती, अंगारा लावणारी ती, वीज कडाडली की पांघरूण आपल्या बाजूला ओढून घेऊन भीमरूपी म्हणायला लावणारी तीच; आणि त्याच पांघरुणाखाली जर ते दुसरे काही असेल, तर पोराने धावत जायचे कोणाकडे? कथानकाचा गाभा तोच ठेवून, केवळ ‘आजी’ या दोन अक्षरांच्या बळावर भयाची जात बदलते. हे भाषांतर नव्हे. धारपांचे गद्य सपाट आहे, असे म्हणणाऱ्यांनी ते सपाट कोठे आहे हे पाहिलेले नाही. नोकरी, बिऱ्हाड, भाडे, शेजार यांचा तपशील ते कारकुनी नेमकेपणाने नोंदत जातात, एकही विशेषण चढ्या स्वरात लावत नाहीत, आणि अशा वाक्यांच्या त्या ओळीत एकच वाक्य किंचित तिरके पडते. भयकथेत अलंकार हा वाचकाला दिलेला आगाऊ इशारा असतो. धारप तो देत नाहीत.

बाकीच्यांविषयी फार लिहिण्याजोगे नाही. मतकरींची ‘खेकडा’ अव्वल दर्जाची आहे, पण ती क्रौर्याची कथा आहे, भयाची नव्हे. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेत कोकण आहे, रात्र नाही. आमच्याच जिल्ह्यातील हृषीकेश गुप्ते यांना अंधाराची जाण आहे. त्यांच्याकडून मी अपेक्षा ठेवून आहे. ‘तुंबाड’ चित्रपटाने 2018 मध्ये, आणि पुन्हा प्रदर्शित झाल्यावर 2024 मध्ये, धारपांचे नाव नव्या पिढीच्या तोंडी आणले, हे खरे. कशेडी घाट उतरून खेड तालुक्यात गेले की लागणारे खरे तुंबाड त्यात नाही आणि श्री. ना. पेंडशांकडून नावापलीकडे फारसे घेतलेले नाही. पण दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी एक गोष्ट बिनचूक केली: सोडवणूक करणारा कोणी आणलाच नाही.

आणि धारपांनी तो आणला, पुनःपुन्हा आणला. ‘समर्थ’ हे नाव काही निष्पाप नाही. ज्या शिवथरघळीत रामदासांनी दासबोध रचला असे परंपरा सांगते ती आमच्याच तालुक्यात आहे, आणि भूतप्रेतांना पळवून लावणाऱ्या भीमरूपी स्तोत्राचे सारे पुण्य त्या एका नावातून कथेच्या खाती जमा होते. धारपांनी भयकथेला फलश्रुती जोडली. स्तोत्राला ती शोभते, कारण तिथे वाचक अभय मागायला आलेला असतो. कथेत ती लाच ठरते. शिवाय ही सोडवणूक आपल्या लोकसमजुतीतलीही नाही. इंग्रज अधिकारी जॅक्सनने शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती जमविली आणि ती 1915 साली, त्याच्या खुनानंतर, एन्थोव्हेनने त्या संग्रहाच्या कोकणच्या खंडात छापली. तीत मुंजा पिंपळावर आहे, गिऱ्हा पाण्यात आहे, प्रत्येकाची वहिवाट ठरलेली आहे. कोकणातला माणूस भुताचा नायनाट करीत नाही. त्याला वर्षाची राखण देतो, नारळ-कोंबड्याने हद्द कायम करतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा देतो. हा करार आहे, विजय नव्हे. समर्थ मात्र दरवेळी जिंकतात; सातारा-पुण्याकडून एखादा कर्तबगार अंमलदार यावा, फाइल निकाली काढावी आणि संध्याकाळच्या गाडीने परत जावे, तसे. धारपांच्या उत्तम कथा समर्थांवाचूनच्या आहेत, हे त्यांचे भक्त कबूल करीत नाहीत तोवर त्यांच्या आवृत्त्या निघत राहतील आणि त्यांचे मूल्यमापन तहकूब राहील.

पोलादपूरला माझे मामा पडवीत बसून चकव्याची हकिकत सांगत. बांध कोणाचा, आंबा कोणाचा, कंदिलात तेल किती उरले होते, सारे सांगत. तोच आंबा तिसऱ्यांदा समोर आला, इथपर्यंत येऊन ते थांबत आणि सुपारी कातरू लागत.

“मामा, मग?”

“मग काय, उजाडलं. तरवा काढायचा होता.”