शान्ता शेळके यांच्या कोळीगीतांतील किनारा

शान्ता शेळके (१९२२–२००२) यांची हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेली कोळीगीते इतकी रुळली आहेत, की अनेकांना ती अनामिक लोकपरंपरेतलीच वाटतात. गीतकाराला यापरते यश नाही. समीक्षेला मात्र तेथे थांबता येत नाही. या गीतांतला समुद्र प्रामुख्याने किनाऱ्यावरून पाहिलेला आहे. ‘वादळवारं सुटलं गो’मध्ये संकट होडीवर, पण शब्द मिळतात ते काठावरच्या स्त्रीच्या धास्तीला. जुन्या मराठी काव्यातली विरहिणीच येथे कोळी वेषात उभी आहे.

‘मी डोलकर’ अधिक गुंतागुंतीचे आहे. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना बांधून ठेवलेले पिशवीसारखे जाळे. ते ओढत नेत नाहीत, प्रवाहच मासळी आणून भरतो. डोलकराचे राजेपण असे पाण्याच्या वेळांनी बांधलेले असते. नागर श्रोत्याला त्या शब्दात केवळ झुलणे ऐकू येते, आणि चालही त्याच समजाला साथ देते. याच द्वंद्वगीतातली स्त्री नटलेली आहे. मनोरीसारख्या कोळीवाड्यात मासळीची पाटी उचलून बाजार गाठणारी, भावाची घासाघीस करणारी, घरचा पैसा हाताळणारी कोळीण तिच्यात शोधावी लागते. बोलीही निवडकच: ‘गो’ हे संबोधन, ‘ण’चा ‘न’, बाकी वाक्यरचना बहुतांशी प्रमाण मराठीची. आणि तरीही कोळीवाड्यांतल्या हळदीला हीच गीते हौसेने वाजतात, ही गोष्ट ‘उसना आवाज’ या सोप्या आक्षेपाला सहज पुरी पडू देत नाही.