हसू न आणणारा हेर

श्री. अनुराग बासू यांचा 'जग्गा जासूस' हा हिंदी बोलपट १४ जुलै २०१७ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा त्यांच्या 'बर्फी' (२०१२) या कृतीच्या स्मरणाने रसिकांची अपेक्षा साहजिकच उंचावली होती. त्याच्या सिद्धतेस तीन वर्षांहून अधिक काळ लागला. इतके होऊनही सुमारे पावणेतीन तासांत मनमोकळे हसू क्वचितच फुटते.

मूळ कल्पना मुळीच टाकाऊ नव्हे. नायक तोतरा; गाऊ लागला म्हणजे मात्र त्याची जीभ अडखळत नाही, म्हणून तो गाऊनच बोलतो. संगीत नाटकांवर पोसलेल्या मराठी प्रेक्षकास हे खटकू नये. त्याचा मानलेला पिता हेरगिरीच्या जाळ्यात सापडून नाहीसा होतो, आणि मुलगा त्याच्या शोधार्थ आफ्रिकेपर्यंत जातो. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात विमानातून शस्त्रे टाकण्यात आली, ती खरी घटना कथेच्या मुळाशी आहे. शस्त्रव्यापारावर ताशेरे ओढण्याचा हेतूही प्रामाणिक दिसतो. मग अडते कोठे?

आमच्या करमाडच्या बाजूस पूर्वी बहुरूपी फौजदाराचा वेष करून येत. दुकानदार क्षणभर खरोखरीच दचके, आणि मग सारी आळी हसे. तो दचका नसता, तर उरली असती केवळ खाकी टोपी! हेराच्या विनोदाचेही असेच आहे. सोंग उघडे पडले तर काहीतरी जाईल, ही धास्ती प्रेक्षकाच्या पोटात हवी. अर्न्स्ट लुबिच यांच्या 'टू बी ऑर नॉट टू बी' (१९४२) या चित्रपटात एक पोलिश नट मेलेल्या जर्मन हेराचे सोंग घेतो. शत्रू त्यास मुद्दाम खऱ्या हेराच्या प्रेताशेजारी बसवितात. तो प्रेताची दाढी भादरून तेथे खोटी दाढी चिकटवितो, आणि खऱ्यालाच खोटा ठरवितो! प्रसंग भयंकर आहे, म्हणूनच हसू आवरत नाही.

बासूंच्या पटात मात्र मोटारी, विमाने, रानातील जनावरे यांची नुसती धांदल उडते. जग्गाच्या केसासही धक्का लागणार नाही हे पोरासोरांनाही कळते. सोबतची वार्ताहर तरुणी जात्याच अपशकुनी म्हणून वारंवार धडपडते. ती पहिल्यांदा पडली तेव्हा आम्ही हसलो. पुढे पुढे तिच्या हाडांचीच काळजी वाटू लागली.

एक स्थळ मात्र अपवाद होय. पिता दरवर्षी वाढदिवसास मुलाकडे चित्रफीत धाडतो. एके वर्षी ती येतच नाही. तेथे त्या पोराविषयी आम्हांस प्रथमच धास्ती वाटली. दिग्दर्शकाने तेथेच थोडे रेंगाळावयास हवे होते. पण त्यांना पुढच्या पाठलागाची घाई झालेली दिसते.