गावाला ठाऊक असलेला खून

होम्स आणि वॉटसन आगगाडीने हँपशायरकडे निघाले आहेत. १८९२ सालच्या ‘द कॉपर बीचेस’ या कथेतला हा प्रसंग. वसंताची चाहूल लागलेली, झाडीतून डोकावणारी शेतघरांची लाल-करडी छपरं पाहून वॉटसन हरखून जातो. होम्सला मात्र ती एकेकटी घरं पाहून धास्ती वाटते. लंडनच्या गलिच्छ बोळात एखाद्या पोराला मारहाण झाली तर शेजारी धावून येतील. इथे शेताच्या मधोमध उभ्या असलेल्या घरात वर्षानुवर्षं काय चाललं आहे याचा कुणाला पत्ताही लागणार नाही, असं त्याचं म्हणणं.

अडतीस वर्षांनी, १९३० मध्ये, अगाथा ख्रिस्तीने ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज’ लिहिली आणि या भीतीची दिशाच फिरवली. तिच्या सेंट मेरी मीड गावात प्रत्येक खिडकीला डोळे आहेत. पाद्र्याच्या घराशेजारच्या बागेत मिस मार्पल फुलझाडं लावत असते, पक्षी पाहायला तिच्याकडे दुर्बीण असते, आणि त्या वाटेने कोण गेलं, कधी गेलं, हातात काय होतं, हे तिला सांगता येतं. होम्सच्या गावात खून होतो कारण कुणी ऐकत नाही. मार्पलच्या गावात सगळेच ऐकतात, तरी खून होतो. गावातल्या खुनाची गोष्ट ज्याला लिहायची आहे त्याने ही दुसरी वाट धरावी, असं माझं ठाम मत आहे. तिथे गुपित कुणाला तरी माहीत असतंच. ते कोण सांगतं, कुणाला सांगतं आणि पोलिसासमोर कोण गप्प बसतं, यातूनच कथा घडते.

ख्रिस्तीने या वाटेवर सर्वांत खोल पाऊल टाकलं ते ‘द मूव्हिंग फिंगर’मध्ये. ही कादंबरी इंग्लंडमध्ये १९४३ साली आली. विमान अपघातातून सावरणारा जेरी बर्टन बहिणीबरोबर विश्रांतीसाठी लिमस्टॉक या लहानशा गावात राहायला येतो. काही दिवसांतच एक निनावी पत्र येतं. छापील पुस्तकातले शब्द कापून कागदावर चिकटवलेले, आणि मजकूर असा की ही तुझी बहीण नाहीच. जेरी ते आगीत टाकतो. मग कळतं की गावातल्या अनेकांना अशी पत्रं येत आहेत. पुढे वकिलाची बायको मरते, तिच्या घरातली मोलकरीण मरते.

इथे ख्रिस्तीची बुद्धी दिसते ती पाद्र्याच्या बायकोच्या एका शंकेत. मिसेस डेन कॅलथ्रॉपला सगळं गाव ठाऊक आहे. ती म्हणते, या गावात खरी व्यभिचाराची प्रकरणं आहेत, खरी लाजिरवाणी गुपितं आहेत, मग पत्रं लिहिणारा त्यातलं एकही का वापरत नाही? प्रत्येक पत्रात खोटंच का? गावातल्या कुठल्याही द्वेष्ट्या माणसाला शेजाऱ्याची खरी नस माहीत असते. खरी नस चुकवून खोट्यावरच बोट ठेवणारा माणूस मग लिहितो तरी कशासाठी? हा प्रश्न विचारला की रहस्याची किल्ली हाती येते. उत्तर मी सांगणार नाही. पण गावगप्पांचा पुरावा म्हणून इतका नेमका वापर केलेलं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही. मिस मार्पल या कादंबरीत फार उशिरा येते, आणि तीही मिसेस डेन कॅलथ्रॉपने बोलावली म्हणून. हेही मला योग्य वाटतं. गाव ओळखणाऱ्या एका बाईने दुसरीला हाक मारावी, तसं ते आहे.

सात वर्षांनी, ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मध्ये, ख्रिस्तीने स्वतःच्याच गावाचा पाया हललेला दाखवला. युद्ध संपलं आहे. पूर्वी कोणतं कुटुंब कुठून आलं हे सगळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असायचं. आता माणूस रेशनकार्ड घेऊन येतो, कार्डावर जे नाव आहे ते त्याचं नाव, आणि गावाला ते मान्य करावं लागतं. गावगप्पा म्हणजे गावाची स्मृती होती. ती तुटली की खोट्या नावाने राहणं सोपं होतं, आणि खून करणंही. हे निरीक्षण केवळ इंग्लंडपुरतं नाही. कारखाना किंवा धरण आलं, गावठाण हललं, अशा आपल्याकडच्या कितीतरी वस्त्यांना ते लागू पडतं.

इंग्लंड युद्धात होतं, तेव्हाच व्यापलेल्या फ्रान्समध्ये आंरी-जॉर्ज क्लूझो याने निनावी पत्रांचाच विषय पडद्यावर आणला. ‘ल कोर्बो’ हा त्याचा चित्रपट १९४३ चा. त्याला आधार होता त्यूल या गावात पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेल्या निनावी पत्रांचा. चित्रपटातली पत्रं ‘कावळा’ या सहीने येतात. त्यातलं एक पत्र दवाखान्यातल्या कर्करोगाच्या रुग्णाला त्याचा आजार बरा होणारा नाही असं कळवतं, आणि तो वस्तऱ्याने गळा कापून घेतो. त्याची अंत्ययात्रा निघते तेव्हा शववाहिनीवरच्या फुलांमधून एक पाकीट रस्त्यावर पडतं. मागून चालणारे लोक ते चुकवत पुढे जातात. उचलायचं धाडस होत नाही, पण नजर खिळलेली आहे. थोड्याच वेळात संशयाची सुई एका परिचारिकेवर येते, आणि ती काळ्या कपड्यांत रिकाम्या गल्ल्यांतून धावत सुटते. मागे जमाव क्वचितच दिसतो, त्याचा आवाज मात्र सतत वाढत जातो. अफवेला चेहरा नसतो, हे क्लूझोने कुणाच्या तोंडी एक वाक्य न घालता दाखवलं.

हा चित्रपट जर्मन पैशावर चालणाऱ्या कंपनीने काढला होता, म्हणून मुक्तीनंतर क्लूझोवर काम करण्याची बंदी आली. ती १९४७ पर्यंत टिकली. ज्या देशात शेजाऱ्याविरुद्ध निनावी चिठ्ठी लिहून त्याला छळछावणीत पाठवता येत होतं, त्या देशाला हा आरसा सहन झाला नाही, असं मला वाटतं. क्लूझोवर रागावलेले लोक मात्र या चित्रपटाला शत्रूचा प्रचार म्हणत होते.

दूरचित्रवाणीच्या काळात गावातल्या खुनाच्या कथेचं बरंचसं नुकसान झालं. ‘मिडसमर मर्डर्स’ ही मालिका १९९७ पासून चालू आहे. तिथे सुंदर बागा आहेत, जत्रा आहेत, आणि प्रत्येक भागात दोन-तीन प्रेतं. मेलेल्याचा कुणालाच चटका लागत नाही. २०१३ च्या ‘ब्रॉडचर्च’ने मात्र हा प्रकार पुन्हा माणसांत आणला. डॉर्सेटच्या किनाऱ्यावरच्या गावात एका मुलाचा खून होतो. वर्तमानपत्रांचं दुकान चालवणारा म्हातारा जॅक मार्शल याचं जुनं प्रकरण वर येतं, लोक त्याच्याबद्दल बोलू लागतात, वार्ताहर दाराशी उभे राहतात. तो खुनी नसतो, पण गावाने त्याला आधीच दोषी ठरवलेलं असतं, आणि तो जीव देतो. खुन्याने एक माणूस मारला, दुसरा मारला तो गावाने. पहिल्या पर्वाच्या आठ भागांत गोष्ट संपते, आणि संपते म्हणूनच तिचं ओझं प्रेक्षकाच्या मनावर राहतं.

आता आपल्याकडे वळतो. मराठी रहस्यकथेचा जन्म शहरातला. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. त्यांचे झुंजार, काळापहाड, धनंजय मुंबईच्या रस्त्यांवर वावरले. सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी आणि अमर विश्वासही शहराचेच. त्या लेखकांनी लाखो लोकांना वाचायला लावलं, त्यांचं ऋण मोठं आहे. पण त्यांच्या गोष्टीत गुन्हेगार अनोळखी माणूस असतो. गावातल्या खुनात तो सकाळी दूध घालायला येणारा असतो, किंवा चुलतभाऊ.

याउलट गावाचं, घराचं आणि कुजबुजीचं खरं लेखन आपल्याकडे गंभीर साहित्यात झालं. श्री. ना. पेंडशांच्या कोकणात, एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त, घराच्या भिंतीआड काय दडलं आहे हे दिसतं. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये गावात प्रयोगासाठी आलेली मंडळी वेळ घालवायला खोटा खटला मांडतात आणि एका शिक्षिकेच्या खाजगी आयुष्याची सगळी कुजबुज पुरावा म्हणून टेबलावर ठेवतात. अफवा माणसाला कशी कोंडते यावर मराठीत याहून भेदक काही लिहिलं गेलेलं नाही. रहस्यकथेने मात्र या लेखकांकडून काही घेतलं नाही, आणि समीक्षेनेही रहस्यकथेला कधी आपलं मानलं नाही. यात दोघांचंही नुकसान झालं.

ही दरी भरून काढण्याची संधी मालिकांना मिळाली होती. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ साली झी मराठीवर सुरू झाली. सिंधुदुर्गातल्या आकेरीत चित्रित झालेला नाईकांचा वाडा, कुटुंबप्रमुख अण्णांच्या मृत्यूने गोळा झालेली मुलं, जमिनीचे जुने हिशेब, मालवणी बोलणं! सुरुवातीचे भाग पाहताना वाटलं, मराठीला तिची घरगुती रहस्यकथा मिळाली. पण भुताने कथेचा ताबा घेतला. रात्री दिसणारी सावली हे उत्तर चालू लागलं की माणसांना उत्तर द्यावं लागत नाही. अण्णांनी काय केलं आणि ते घरातल्या कुणाकुणाला माहीत होतं, हा प्रश्न मागे पडतो. त्यात रोजच्या मालिकेला शेवट परवडत नाही. संशय एकावरून दुसऱ्यावर फिरवत राहावं लागतं, आणि शंभराव्या भागापर्यंत संशयाला काही किंमत उरत नाही.

‘देवमाणूस’ २०२० ची. साताऱ्याकडे २०१६ मध्ये उघडकीला आलेल्या हत्याप्रकरणावरून सुचलेली. इथे खुनी पहिल्यापासून माहीत आहे. तरी मला ती या विषयाच्या अधिक जवळची वाटते, कारण खुनी असलेल्या तोतया डॉक्टरला वाचवतं ते गावाचं बोलणं. तो देवमाणूस आहे, असं सगळे म्हणतात. अफवा नेहमी बदनामीचीच असते असं आपण धरून चालतो. कौतुकाचीही अफवा असते, आणि तिच्याआड बायका नाहीशा होत जातात तेव्हा त्या कुणाबरोबर तरी पळून गेल्या असं म्हणून गाव मोकळं होतं. हा धागा मालिकेने पुरता ताणला नाही. नंतर तीही लांबत गेली.

२०२४ मध्ये आलेल्या ‘मानवत मर्डर्स’ या मालिकेने परभणी जिल्ह्यातल्या सत्तरच्या दशकातल्या हत्यांचा काळ काळजीने उभा केला. गोष्ट मुंबईहून गेलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवर आधारलेली, त्यामुळे नजर तपास अधिकाऱ्याची. आशुतोष गोवारीकरांचा संयत अधिकारी पटतो. भीतीत राहणारी, एकमेकांकडे पाहणारी मानवतची माणसं मात्र मागच्या बाजूला राहतात. त्या गावाला काय माहीत होतं, हे मला गावाच्या तोंडून ऐकायचं होतं.

अशा कथेसाठी कच्चा माल हाताशी नाही असं कुणी म्हणू नये. इंग्रजी कादंबरीत जे काम मृत्युपत्र करतं ते आपल्याकडे जमिनीच्या नोंदीतला फेरफार करतो. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे जातो, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, नोटीस चावडीवर लागते, आणि त्या पंधरा दिवसांत कुणाच्या घरी कोण जातं हे सगळं गाव पाहत असतं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. पण किती बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या गेल्या, आणि न देणाऱ्या बहिणीबद्दल गावात काय बोललं गेलं, यावर एकही चांगली रहस्यकथा मला आठवत नाही. पहिल्या बायकोची मुलं, नोंदीत नाव नसलेला मुलगा, कुणाचं मूल कुणाच्या घरी वाढलं हे जाणणारी सुईण! शोधकर्त्याची जागा तर गावातच तयार आहे. पोलीस पाटील हा १९६७ च्या कायद्याने नेमलेला गावचाच माणूस. संशयास्पद मृत्यूची खबर ठाण्याला देणं त्याचं कर्तव्य, आणि मेलेला व मारणारा दोघंही त्याच्या नात्यातले असू शकतात. पंचनाम्यावर सह्या करणारे पंचही गावातलेच. सत्य सांगितलं तर त्याच गावात पुढची चाळीस वर्षं काढायची आहेत, असा शोधकर्ता ख्रिस्तीलाही मिळाला नव्हता.

निनावी पत्राची जागा आता फोनने घेतली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या संदेशावर विश्वास ठेवून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांना ठेचून मारलं. तिथे रहस्य काही नव्हतं, सगळं भर बाजाराच्या दिवशी घडलं. पण पहिला संदेश कुणी पुढे पाठवला, का पाठवला, आणि नंतर तो कुणी आपल्या फोनमधून पुसून टाकला, या तीन प्रश्नांवर एक आख्खी कादंबरी उभी राहते. ती भुताशिवाय लिहावी लागेल, आणि लिहिणाऱ्याला आपल्याच गावाबद्दल अप्रिय गोष्टी मान्य कराव्या लागतील.

एक अडचण प्रकाशनाची आहे आणि ती सुटण्यासारखी आहे. रहस्य-गूढकथांना आपल्याकडे ‘धनंजय’, ‘नवल’ यांसारख्या दिवाळी अंकांनी जपलं. पण दिवाळी अंकातली कथा बहुधा लहान असते. गावातल्या खुनाच्या गोष्टीला आधी गाव बसवावं लागतं. दहा-बारा माणसं, त्यांची नाती आणि त्यांच्यातली जुनी भांडणं वाचकाच्या अंगवळणी पडल्याशिवाय एकाचं खोटं बोलणं त्याला खटकणार नाही. त्यासाठी निदान साठ-सत्तर पानं हवीत. संपादकांनी एका अंकात दहा कथांऐवजी दोन लघुकादंबऱ्या मागवाव्यात, आणि त्यातली एक तरी तालुक्याच्या गावी राहून लिहिणाऱ्या नव्या लेखकाकडून मागवावी. तलाठी कार्यालयाच्या बाकावर तासभर बसलेला माणूस ती लिहू शकेल.