पाच गुणांचं 'सौम्य नैराश्य'

सर्वसामान्य लोकांमधल्या नैराश्याच्या सौम्य लक्षणांवर प्रबंध करायचा म्हटलं, की पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो: पीएचक्यू-९ घ्या. नऊच प्रश्न, फुकट मिळते, पाच मिनिटांत भरून होते. क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी २००१ मध्ये तिची तपासणी प्रसिद्ध केली. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती दिवस झाला, त्यावर ० ते ३ गुण, एकूण २७. त्यात ५ ते ९ म्हणजे 'सौम्य'.

प्रश्नावली चांगलीच आहे. अडचण या 'सौम्य'ची आहे.

जरा हिशोब करून बघा. परीक्षेच्या दिवसांतली एखादी विद्यार्थिनी घ्या. निम्म्याहून जास्त दिवस झोप नीट नाही: २. तितकेच दिवस थकवा: २. काही दिवस जेवण धड नाही: १. झाले पाच! उदास वाटणं शून्य, कशात रस न वाटणंही शून्य. डीएसएम-५ नुसार तीव्र नैराश्याच्या निदानाला या शेवटच्या दोनपैकी एक तरी लक्षण लागतंच. तरी तुमच्या तक्त्यात ती 'सौम्य नैराश्य' या रकान्यात जाते.

आणि मूळ तपासणीतले ६,००० जण दवाखान्यांत आलेले रुग्ण होते, घरोघरी जाऊन निवडलेले लोक नव्हेत. वरच्या पट्टीवरही हा गोंधळ दिसतो. २०२० मध्ये ४४ अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिलं, तेव्हा १० किंवा जास्त गुणांनुसार प्रमाण २४.६ टक्के निघालं; त्याच लोकांच्या रीतसर मुलाखतींतून १२.१ टक्के. म्हणजे साधारण दुप्पट. मग पाचाच्या पट्टीवर 'प्रमाण' हा शब्द लिहिताना हात थोडा अडखळायला हवा.

पण मला सगळ्यात खटकतं ते 'कशाचा परिणाम होतो' हे प्रकरण. रिग्रेशनमध्ये अपुरी झोप हा घटक टाकायचा आणि तो लक्षणीय निघाला म्हणून आनंद मानायचा. अहो, तिसरा प्रश्नच झोपेचा आहे! झोपेचा झोपेशी संबंध निघणारच. दीर्घ आजार असलेल्यांचंही तसंच: थकवा आजाराचा, गुण नैराश्याला. निदान तो प्रश्न वगळून गणित पुन्हा करून बघा. सहगुणक किती घसरतो ते प्रबंधात लिहा. एकदाच माहिती गोळा केली असेल तर 'परिणाम' लिहू नका, 'संबंध' लिहा. परीक्षकांनी विचारण्याआधी.

याचा अर्थ सौम्य लक्षणं खोटी, असा काढू नका. निदानाच्या उंबरठ्याखालची लक्षणं असलेल्यांना पुढे तीव्र नैराश्य येण्याचा धोका जास्त असतो, हे पाठपुराव्याच्या अभ्यासांत दिसलंय. म्हणूनच बेरजेपेक्षा कोणत्या प्रश्नाला किती गुण आले, ते बघायला हवं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे १ आणि एकूण फक्त ४ असलेला माणूस तुमच्या तक्त्यात 'सौम्य'मध्येसुद्धा येणार नाही. अर्ज हातात आला की तो प्रश्न आधी बघा. अशा माणसाशी त्याच दिवशी कोण बोलणार, हे नीतिशास्त्र समितीच्या अर्जातच ठरवून ठेवा.