४५१ नाबाद, आणि पुढे?

जालन्यात क्रिकेटचा विषय निघाला की कुणीतरी ‘४५१’ म्हणतंच. २०११मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध विजय झोलने केलेल्या नाबाद ४५१ धावा. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही, त्याच्यावर लिहिणाऱ्यांबद्दल आहे. पेपरातल्या मोठ्या बातम्या मला दोनच आठवतात: ही खेळी, आणि २०२३मध्ये क्रिप्टोच्या वादातून त्याच्यावर नोंदलेला गुन्हा. त्या वेळी मथळ्यांत तो आधी पुढाऱ्याचा जावई होता, मग क्रिकेटपटू. आरोप म्हणजे निकाल नव्हे, एवढं तरी लिहायचं!

मधलं कुणी लिहायचं? २०१४च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. उपांत्यपूर्व फेरीत आपण इंग्लंडकडून हरलो. बेन डकेटला अपशब्द वापरल्याबद्दल त्याला समजही मिळाली. दहा वर्षांनी राजकोट कसोटीत त्याच डकेटने १५३ ठोकल्या. तेव्हा भारताकडून सर्फराज आणि कुलदीप मैदानात होते, दोघंही झोलच्या त्या संघातले. तो स्वतः तिथवर का पोचला नाही? तंत्र, निवड, फॉर्म, की नुसतं नशीब? यावर धड लेख मला मराठीत सापडलेला नाही. तुम्हाला सापडला तर पाठवा.